‘या, बसा’पासून सुरुवात: पहिल्या नोकरीत आदराने कसं वागायचं

दर पावसाळ्यात आमच्या ऑफिसात नवी मुलंमुली रुजू होतात. बरीचशी पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली असतात. कुणी लातूरहून येतं, कुणी चिपळूणहून, कुणी थेट पाटण्याहून. पहिल्या आठवड्यात एक दुपार त्यांच्यासोबत बसायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ईमेल कसा लिहायचा, कपडे कुठले घालायचे, सुट्टी कुणाकडे मागायची, हे सगळं मुलं विचारतात. सकाळी गेटवर ज्यांनी त्यांची बॅग तपासली त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्या दुपारी मी जे सांगते ते इथे क्रमाने लिहून काढलं आहे.

पहिली पायरी: क्रियापद सांभाळा

मराठीत आदर क्रियापदाच्या टोकाला बसलेला असतो. ‘ये’ आणि ‘या’, ‘सांग’ आणि ‘सांगा’, ‘आला’ आणि ‘आले’. समोरच्याला आपण काय समजतो हे ठरवल्याशिवाय मराठीत कुणाला साधं बसायलाही सांगता येत नाही. इंग्रजीतल्या ‘यू’च्या आड लपता येतं, आपल्याकडे ती सोय नाही.

म्हणून सुरुवात इथूनच करा. ऑफिसच्या आवारात भेटणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणा. सिक्युरिटीवाले, हाउसकीपिंगच्या ताई, कँटीनमध्ये चहा देणारे, लिफ्ट दुरुस्त करायला आलेले, पार्सल घेऊन आलेला विशीतला मुलगा, सगळे यात आले. कुणाला ‘तुम्ही’ आणि कुणाला ‘तू’ असा हिशेब मनात मांडायचाच नाही.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्या बऱ्याच ऑफिसांत एका छपराखाली दोन व्याकरणं नांदतात. वरच्या साहेबांना पहिल्या नावाने हाक मारायची असते, ती कंपनीची पद्धत म्हणून शिकवली जाते. आणि पंचावन्न वर्षांच्या ज्या माणसाने पाण्याचा जार उचलून आणला, त्याला ‘ए, इकडे ठेव’. हे दुसरं व्याकरण कुणी शिकवत नाही, बघून बघून अंगवळणी पडतं. जुलैमध्ये ‘काका, पाणी मिळेल का?’ म्हणणारी मुलं गणपती येईपर्यंत ‘अरे, पाणी संपलंय’ म्हणायला लागतात. ती वाईट मुलं नसतात. आजूबाजूला जे ऐकतात तेच तोंडात बसतं.

मग ‘तू’ म्हणणं वाईटच का? नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, जिवाभावाच्या मैत्रिणीला ‘तुम्ही’ म्हटलं तर ती रागावेल. कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘तू’ फार मोकळेपणाने येतं आणि त्यात अपमान नसतो. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते: ज्याला मी ‘तू’ म्हणतोय, तो मला उलट ‘तू’ म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर ती जवळीक झाली. त्याची तशी छाती होणार नसेल, तर ते ‘तू’ मी त्याच्या परवानगीशिवाय घेतलेलं आहे. लहान मुलांची गोष्ट वेगळी, पण ऑफिसात कुणी लहान मूल नसतं.

आषाढी वारीत हे डोळ्यांनी दिसतं. दिंडीत प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो, वय विचारत नाही, हुद्दा विचारत नाही. एकजण पायाला हात लावायला वाकला की दुसराही वाकतो. दोन्ही बाजूंनी सारखं.

बाहेरून आलेल्यांसाठी एक खुलासा. हिंदीतल्या ‘आप’च्या जागी मराठीत ‘तुम्ही’ पुरेसं आहे. ‘आपण’ हे भाषणात, पत्रात किंवा फार औपचारिक बोलण्यात येतं. रोजच्या बोलण्यात ‘आपण जेवायला जाऊ’ म्हणजे तुम्ही आणि मी मिळून. आणि आपली मुलं उत्तरेला गेली की नेमकी उलटी चूक करतात. ‘तुम्ही’सारखं ऐकू येतं म्हणून ती ‘तुम’ वापरतात. लखनौला किंवा दिल्लीला ‘तुम’ ही ‘आप’च्या खालची पायरी आहे. अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला ते टोचतं, आणि मुंबईच्या हिंदीतलं ‘तेरे को’ तर फारच. तिकडे गेलात की डोळे मिटून ‘आप’.

दुसरी पायरी: हाक कशी मारायची

सगळ्यात चांगली हाक म्हणजे त्या माणसाचं नाव. ते कळेपर्यंत दादा आणि ताई चालतात, जवळपास सगळीकडे. विदर्भात ‘भाऊ’ आणि शेवटी एक ‘जी’ गोड वाटतं. गोव्यात पुरुषांच्या नावापुढे ‘बाब’ लावतात, गुजराती माणसांच्या ऑफिसात ‘भाई’ आणि ‘बेन’ अगदी मालकालाही चालतं.

मावशी आणि काका या शब्दांना जपून हात लावा. तुमच्या डोळ्यांना जी बाई ‘मावशी’ दिसते तिचं वय पस्तीसही असू शकतं, उन्हातान्हात राबून चेहरा थकलेला असतो एवढंच. साडी नेसून फरशी पुसणारी ती मावशी आणि त्याच वयाची लॅपटॉपवाली मात्र मॅडम, हा भेद त्यांनाही कळतो. ‘ताई’ म्हटलंत की प्रश्नच उरत नाही.

‘बाई’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला. शाळेत बाई म्हणजे शिक्षिका, मान घेऊन येणारा शब्द. घरात ‘आमची बाई आली नाही आज’ म्हणताना तो मान कुठे जातो? ज्या ताई तुमच्या खोलीवर पोळ्या करायला येतात, त्यांच्याबद्दल मित्राशी बोलतानाही नाव घेऊन बोला.

रामरामाला रामराम, जय भीमला जय भीम, सलामला सलाम. समोरच्याने ज्या शब्दाने नमस्कार केला त्याच शब्दाने परत करा. यात तुमचं काही जात नाही, आणि त्याला आपण जसे आहोत तसे इथे चालतो हे न बोलता कळतं.

तिसरी पायरी: मागणं आणि आभार मानणं

‘कृपया’ हा पाटीवरचा शब्द आहे. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ बोलताना कुणी ‘कृपया मला स्टेपलर द्या’ म्हणत नाही, आणि म्हटलं तर उगाच कोरडं वाटतं. आपली विनंती दोन ठिकाणी असते: ‘जरा’ या शब्दात आणि क्रियापदाचा प्रश्न करण्यात. ‘जरा तो स्टेपलर देता का?’ ‘पाच मिनिटं बोलायचं होतं, आत्ता जमेल का?’ मराठी येणाऱ्या माणसाला यात पूर्ण नम्रता ऐकू येते.

धन्यवादाचंही तसंच. तो शब्द वापरायला हरकत नाही, पण ‘बरं झालं तुम्ही होतात, नाहीतर माझं काम अडलं असतं’ यात काय मदत झाली हे सांगितलेलं असतं. शक्य असेल तेव्हा तसं सांगा. पाणी आणून देणाऱ्याकडे मान वर करून बघणं हेही आभारच. स्क्रीनवरची नजर न हलवता नुसता हात पुढे करणाऱ्या माणसाचं ‘थँक्यू’ कुणाला पोचत नाही.

चौथी पायरी: नाव विचारा, आडनाव उकरू नका

कुणाचं नाव नीट ऐकू आलं नाही तर परत विचारा. तिसऱ्यांदा विचारलं तरी चालेल, आयुष्यभर चुकीचं म्हणण्यापेक्षा बरं. तमिळ, नागा, मल्याळी नावं आपल्या जिभेला अवघड जातात म्हणून त्यांची आपल्या सोयीने लांडी नावं करू नका. ईशान्येकडच्या मुलामुलींना चेहऱ्यावरून ठेवलेली नावं, उत्तर भारतीयाला हिणवून ‘भैय्या’, दाक्षिणात्यांना सरसकट ‘अण्णा’, हे गमतीत म्हटलं जातं, पण ज्याला म्हटलं जातं तो हसला तरी विसरत नाही.

आता आपल्याकडची खास गोष्ट. ‘नाव काय?’ झालं की ‘पूर्ण नाव?’, मग ‘मूळ गाव कुठलं?’, मग ‘म्हणजे तुम्ही अमक्यांपैकी का?’ यातला प्रत्येक प्रश्न एकेकटा निर्मळ वाटतो. पण ज्याला विचारलं जातं त्याला तिसऱ्या प्रश्नापर्यंत कळलेलं असतं की हा माझी जात शोधतोय. गावाची चौकशी मायेनेही होते, आम्ही सगळे ती करतोच. फरक असा ओळखायचा: गाव कळल्यावर तुम्ही तिथल्या पावसाबद्दल, यात्रेबद्दल, एसटीबद्दल बोलता, की आडनावाकडे परत वळता? परत वळत असाल तर थांबा.

जातीची नावं शिवीसारखी किंवा विनोदासारखी वापरणं तर तोंडातून कायमचं काढून टाका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी ते तितकंच हलकट असतं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना नवं नाव सांगा. त्याला नाही कळलं तर शेजारची खूण सांगा, पण जुनं नाव नको.

बायकांच्या नावाआधी काय लिहायचं यावर नवी मुलं हमखास अडतात. सरकारी कागदांत आता ‘श्रीमती’ सर्रास सगळ्या स्त्रियांना लावतात, पण घरोघरी अजून अनेकजणी ‘श्रीमती’ म्हणजे नवरा वारलेली असंच समजतात आणि दुखावतात. ‘सौ.’ आणि ‘कु.’ लावायचं तर तिचं लग्न झालंय का हे आधी शोधावं लागतं, ज्याच्याशी पत्राचा काही संबंध नसतो. काहीही न लावता पूर्ण नाव लिहावं हे माझं मत. लग्नानंतर तिने आडनाव बदललंच असेल असंही गृहीत धरू नका, ती स्वतः सही कशी करते ते पाहा.

पाचवी पायरी: हातात द्या

ही पायरी छोटी दिसते, पण मी तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण घेऊन आणि लंडनमधलं अर्धवट ठेवून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथल्या कचेरीत शिपाई कागद त्यांच्या हातात देत नसत, लांबून टेबलावर टाकत. कचेरीत त्यांना पिण्याचं पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी धर्मशाळेत राहिले, तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. काही आठवड्यांत ते ती नोकरी सोडून मुंबईला परतले. हुद्दा होता, पदव्या होत्या, आणि कागद तरी टेबलावर फेकलाच जात होता.

म्हणून कागद हातात द्या. किल्ली, पैसे, ओळखपत्र, पार्सलवर सही करून परत करायचा पेन, सगळं हातात. टेबलावर सरकवायचं नाही, फेकायचं तर नाहीच. किराणा दुकानात सुटे पैसे काउंटरवर टाकून चालू पडणारी माणसं पाहा, आणि हातावर ठेवणारी पाहा. दुकानदाराच्या चेहऱ्यात फरक पडतो.

याच्याच जोडीने कप बघा. तुमच्या पॅन्ट्रीत हाउसकीपिंगवाल्यांचे कप वेगळे ठेवलेत का? कुणी ठरवून केलं नसेल, ‘त्यांना तेच आवडतात’ असं सांगितलंही जाईल. तुम्ही नवे आहात, नियम बदलायला सांगू नका, पण चहा करताना त्यांच्यासाठीही त्याच ताटातला कप काढा. काही सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्यांना वेगळी लिफ्ट असते. सामान नसताना कुणाला त्या लिफ्टकडे पाठवलं जात असेल तर सोसायटीच्या सभेत ते लेखी मांडता येतं. भाडेकरू असलात तर घरमालकांमार्फत मांडा.

आणि खुर्ची. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. साड्यांच्या दुकानांत बारा-बारा तास उभं राहणाऱ्या बायकांनी केरळात हा प्रश्न लावून धरला होता. तुमच्या गेटवरच्या माणसाला बसायला काय आहे? उन्हात आहे का? रात्रपाळीला पंखा आहे का? पहिल्या महिन्यात एवढं नुसतं बघून ठेवा, पुढे ॲडमिनशी बोलण्याइतकी ओळख झाली की सांगा.

ज्या खोलीवर राहता तिथला कचराही यातच येतो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, असं त्या बायका लोकांना सांगत आल्या आहेत, कारण तो कचरा त्यांना उघड्या हातांनी वेगळा करावा लागतो. फुटलेल्या काचेवरही कागद गुंडाळा. अर्धं मिनिट लागतं.

सहावी पायरी: कुणाच्या बोलीवर हसू नका

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातून आलेला एक मुलगा आमच्याकडे रुजू झाला, कामात तल्लख. एकदा चहाच्या वेळी तो म्हणाला, ‘आमच्याकडं यंदा पानीच न्हाई.’ टेबलावरच्या कुणीतरी तेवढंच उचललं, ‘पानी!’ आणि चार जण हसले. आपल्याकडे पाणी नाही, हे तो सांगत होता. ते कुणाच्याच कानात गेलं नाही. त्यानंतर तो आमच्यात मराठी बोलेनासा झाला. मीटिंगमध्ये अडखळत इंग्रजीत बोलायचा, आणि मग ‘याचं कम्युनिकेशन कच्चं आहे’ असा शेरा पडला.

बाणातला ण ज्याच्या घरी बोलला जात नाही त्याची भाषा अशुद्ध नाही. ती त्याच्या गावची मराठी आहे. कोल्हापूरच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, तीही चूक नाही, तशी पद्धत आहे. कुणी विचारल्याशिवाय कुणाचा उच्चार सुधारायचा नाही. बाहेरून आलेलं कुणी मोडकं मराठी बोलत असेल तर लगेच हिंदीवर किंवा इंग्रजीवर उडी मारू नका, त्याला वाक्य पुरं करू द्या.

सातवी पायरी: मीटिंग, फोन, वेळ

इथे फार लिहायला नको. सांगितलेल्या वेळेला पोचा, उशीर होणार असेल तर आधी कळवा. दुसऱ्याचं वाक्य तोडू नका, चुकून तोडलंत तर ‘सॉरी, तुमचं पुरं होऊ द्या’ म्हणून परत त्याच्याकडे द्या. एखादीने मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर जमा होताना दिसला तर ‘हे मघाशी तिनेच सांगितलं होतं’ एवढं म्हणायला नवा माणूसही कचरायचं कारण नाही. कुणाची चूक दाखवायची असेल तर बाजूला घेऊन दाखवा. फोन लावल्यावर पहिलं वाक्य ‘आत्ता बोलता येईल का?’ रात्री दहानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर काम टाकू नका. साहेब टाकत असले तरी तुम्ही टाकू नका.

आठवी पायरी: माणूस समोर नसताना

समोर ‘सर, या ना’ आणि पाठ वळली की ‘आला बघ म्हातारा’. मराठीत हा बदल एका क्षणात होतो, आणि तो ऐकणाऱ्याला तुमच्याबद्दल सगळं सांगून जातो. तुम्ही माझ्यासमोर दुसऱ्याला एकेरीवर आणता, म्हणजे दुसऱ्यासमोर मलाही आणत असणार.

म्हणून गैरहजर माणसाबद्दल बोलताना ‘ते आले’, ‘त्या म्हणाल्या’ हेच ठेवा. सिक्युरिटीवाल्यांबद्दलही. ‘वॉचमन झोपला होता’ याऐवजी ‘गेटवरचे दादा झोपले होते’ म्हणून तक्रार करता येते, तक्रार तेवढीच राहते.

नववी पायरी: सण, डबा, घरच्या गोष्टी

‘लग्न कधी?’, ‘गुड न्यूज कधी?’, ‘पगार किती?’, ‘वजन वाढलंय’ हे चारही विषय त्या माणसाने स्वतः काढले तरच. कुणाच्या डब्यात काय आहे यावर नाक मुरडू नका. सुकटीचा वास तुम्हाला सहन होत नसेल तर जागा बदला, चेहरा करू नका. एखाद्याची एकादशी असेल, एखादीचा रोजा असेल, तर वाढदिवसाच्या केकचा आग्रह एकदाच, आणि ‘नको’ म्हटल्यावर कारण विचारायचं नाही.

संक्रांतीला ऑफिसात हळदीकुंकू होतं, आणि दरवर्षी कुणीतरी एकजण त्या वेळी ‘कॉल आहे’ म्हणून दुसऱ्या मजल्यावर जाते. नवरा वारलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना वेगळं पाडणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला जमलं ते एअरकंडिशनमधल्या आपल्याला का जमू नये? आमच्याकडे आता वाण आणि तिळगूळ मजल्यावरच्या सगळ्यांना मिळतो, बायका आणि पुरुष दोघांना, आणि आमंत्रण प्रत्येकीच्या टेबलाशी जाऊन केलं जातं. कुंकू ज्यांना हवं त्या लावून घेतात. तुमच्या ऑफिसात तयारीचं काम तुमच्यावर आलं, आणि ते नव्यांवरच येतं, तर यादी करताना कुणाचंही नाव गाळू नका.

दिव्यांग सहकाऱ्याबरोबर काम करताना आधी विचारा, मग मदत करा. न विचारता व्हीलचेअर ढकलणं म्हणजे न विचारता कुणाला दंड धरून चालवणं. दृष्टिहीन सहकाऱ्याजवळ गेलात की आपलं नाव सांगा, निघताना निघतोय म्हणून सांगा, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. ऐकू न येणाऱ्याशी बोलताना त्याच्याकडे बघून बोला, सोबतच्या दुभाष्याकडे नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यातली कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे ‘तुला काय झालंय, धडधाकट तर आहेस’ हे वाक्य कुणालाच नको. तृतीयपंथी सहकारी असतील तर त्या स्वतःला जे म्हणवतात, ‘आली’ की ‘आला’, तेच क्रियापद वापरा.

दहावी पायरी: चुकलात तर

माझी पहिली नोकरी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत होती. तेव्हा मी बावीस वर्षांची. तिथे एक शिपाई होते, त्यांना सगळे नुसत्या नावाने, ‘अरे-तुरे’ करूनच हाक मारायचे. ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे. महिनाभरात मीही तसंच करायला लागले, आपण काही वेगळं करतोय हे लक्षातही आलं नाही. एका रविवारी आठवडी बाजारात ते दिसले. वांगी निवडत होते, एका हाताला नात. मी रस्त्यापलीकडून नाव घेऊन ओरडले, ‘ए, उद्या लवकर ये रे, चाव्या तुझ्याकडेच आहेत.’ त्यांनी नातीचा हात सोडला, पिशवी खाली ठेवली आणि सरळ उभे राहून म्हणाले, ‘हो मॅडम.’ ती मुलगी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग त्यांच्याकडे.

माफी मागायला मला आठवडा लागला, आणि तीही मी चुकीची मागितली. सगळ्या स्टाफसमोर मागितली. ते ओशाळले, ‘काय मॅडम’ म्हणाले आणि बाहेर निघून गेले. मला मोकळं वाटलं, त्यांची मात्र दुसऱ्यांदा पंचाईत झाली.

म्हणून माफी एकट्यात मागा. लहान ठेवा: ‘काल मी तुमच्याशी नीट बोललो नाही. चुकलं माझं.’ ‘पण कामाचा ताण होता’ हे शेपूट जोडू नका. समोरच्याने ‘असू दे’ म्हणावं म्हणून थांबून राहू नका. आणि दुसऱ्या दिवसापासून क्रियापद बदला, कारण खरी माफी तीच. मी ‘दादा, चाव्या देता का?’ म्हणायला लागले तेव्हा बाकीचे आठवडाभर माझी नक्कल करत होते. करू द्यावी. त्या दादांनी यावर कधीच काही म्हटलं नाही, आणि त्यांनी म्हणावं अशी अपेक्षा ठेवायचा मला हक्कही नव्हता.

तुमचाच अपमान झाला तर

नव्या माणसाला हे होतंच. साधं एकेरी बोलणं असेल तर एकदा शांतपणे म्हणून बघा, ‘सर, मला तुम्ही म्हटलंत तर बरं वाटेल.’ थरथरत म्हटलं तरी चालतं. वारंवार होत असेल तर तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

शरीराला नको असलेला स्पर्श, घाणेरडे विनोद, मेसेज, टक लावून बघणं, कामाच्या बदल्यात काही मागणं, हे सगळं ‘जरा जपून राहा’ म्हणून सोडून द्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानंतर, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ट्रेनी, कंत्राटी, रोजंदारीवरच्या आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया, सगळ्या यात येतात. समितीच्या सदस्यांची नावं ऑफिसात लावलेली असायला हवीत. पहिल्याच आठवड्यात ती कुठे लावलीत ते शोधा, आणि मुलग्यांनीही शोधा, कारण कधीतरी तुमची मैत्रीण तुम्हालाच विचारेल.

दुपार संपत आली की एक प्रश्न हमखास येतो. मग कायम ‘तुम्ही-तुम्ही’च करत राहायचं का, कधी जवळीक व्हायचीच नाही का? होते. वयाने किंवा हुद्द्याने जो मोठा असतो तो एक दिवस स्वतःहून म्हणतो, ‘अगं, मला तू म्हण.’ तोवर थांबायचं. त्याने म्हटल्यावरही चार दिवस जीभ अडखळते, ते चालतं. पुढच्या पावसाळ्यात तुमच्यानंतरची मुलं येतील आणि तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतील, तेव्हा ते वाक्य म्हणायची पाळी तुमची.

आमच्या मजल्यावरच्या ताईंना मी आजवर तीनदा सांगितलं, मला तू म्हणा म्हणून. त्या हसतात, मान डोलवतात आणि पुढचं वाक्य ‘तुम्ही’नेच सुरू करतात. म्हणून मीही त्यांना ‘तुम्ही’च म्हणते.